आप्पांचं जनावर

माझ्या सासरी माणसांपेक्षा एका जनावराचा मान मोठा होता आणि ते जनावर कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी म्हणजे आप्पा सोडून.

आप्पा आमच्या मालकांचे चुलते, म्हणजे माझे चुलत सासरे. बायको लवकर गेलेली, एकुलती एक लेक पल्याडच्या गावात दिलेली, त्यामुळं माणूस एकटा. घराला घर लागून, माळवद एकच, आणि त्यांचं दोन वेळचं ताट आमच्या चुलीवरून जायचं. ते मी न्यायची. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही अशी रीत. मी पदर कपाळापर्यंत ओढून भाकरी वाढायची आणि ते जेवता जेवता जनावराबद्दल बोलायचे. ना हो म्हणणारी, ना नाही म्हणणारी, ना उठून जाणारी अशी ऐकणारी त्यांना घरबसल्या मिळाली होती. तेव्हा जे जिभेवर आलं आणि गिळलं, ते इतक्या वर्षांनी बाहेर पडतंय. कुणाला कडू लागलं तर माझा इलाज नाही.

माझं माहेर तेरचं. तिकडं सपाट काळं रान, तेरणेचा काठ, आणि भ्यायचंच झालं तर सापाला. सासर मिळालं ते जळकोटच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला. गावाच्या पाठीमागं एक खोरं होतं. उन्हाळ्यात सगळा माळ करपून गेला तरी खोऱ्यात गवत उभं असायचं. सरपण तिथलं, चारा तिथला, डिंक आणि करवंदं तिथली. खोरं नसतं तर तो गाव केव्हाच उठून दुसरीकडं गेला असता. आणि त्या खोऱ्यात ते राहायचं. त्याला नाव नव्हतं, कारण नाव घेतलं की ते येतं म्हणे. सगळे नुसतं ‘खोऱ्यातलं’ म्हणायचे.

ते कसं होतं? अंगानं कालवडीएवढं, तोंड मेंढराचं, चाल माकडाची. कान नाहीत, पण ऐकू सगळं येतं. शेपूट कधी असायचं, कधी नसायचं. त्या दिवशी आप्पांचं पोट किती भरलंय त्यावर ते ठरायचं. माणसाला ते काही करत नसे. त्याची आवड एकच, बैलगाडीच्या आखाचं वंगण चाटायची. रात्रीतून येतं आणि चाकं कोरडी करून जातं. माझ्या सासरच्या गावात गाडी करकरत निघाली की तिचा धनी मान हलवून म्हणायचा, खोऱ्यातल्यानं चाटलं. आधीच्या आठवड्यात त्यानं वंगण घातलंच नव्हतं हे त्याच्या बायकोला माहीत असायचं. पण तिनं काय बोलावं?

खरं तर गावातल्या बाप्यांच्या सगळ्या आळसाचा भार त्या बिचाऱ्या जनावरानं एकट्यानं उचलला होता. सरपण आणलं नाही? खोऱ्यात त्याचा वास आला. बाजारातून यायला उशीर झाला? वाटेत ते आडवं बसलं होतं. पाटलांचा धाकटा भाऊ तर सासुरवाडीला जायचं चुकवायलाही त्याचंच नाव सांगायचा. बायकांना मात्र ते कधी आडवं आलं नाही. आम्ही रोज डोक्यावर मोळ्या घेऊन त्याच खोऱ्यातून यायचो, पण आमच्या वाटेला जायची त्याची हिंमत झाली नसावी.

आप्पा दिसायला मोठे देखणे. उंच, नाक सरळ, कपाळावर विभूतीचे पट्टे, धोतरावर उन्हाळ्यातसुद्धा काळा कोट. चालताना मधेच थांबायचे, मूठभर माती हवेत सोडून वारा कुठला आहे ते बघायचे आणि मग पुढं जायचे. जायचं असायचं न्हाव्याकडं. बसताना डोंगराकडं पाठ करायचे नाहीत. गावात कुणाची म्हैस व्याली तर रेडकू बघून सांगायचे, “खोऱ्यातल्यापरीस जरा बारीक हाय.” आणि त्यांची एक खोड सगळ्यांवर वरताण होती. बोलण्यात आपण हरतोय असं वाटलं की ते एकदम बोट वर करायचे आणि हळूच विचारायचे, “ऐकलं?”

झालं. सगळे गप्प. वारा, पाखरं, लांबचा कुत्रा, काहीतरी ऐकू यायचंच. तेवढ्यात मूळ वाद कशाचा होता ते लोक विसरायचे. बांधाच्या भांडणात, सोंगट्यांच्या डावात, पाटलांनी चावडीत काही विचारलं तर, आप्पांचं बोट तयार. एकदा ताटात आमटी खारट झाली म्हणून ते माझ्यावर तोंड टाकत होते, तेवढ्यात माझ्या सासूबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, मीठ मीच घातलंय. आप्पांनी बोट वर केलं. सासूबाईंनी सांगितलं की मला काही ऐकू येत नाही, जेवा मुकाट्यानं.

त्यांचं आणखी एक होतं, दुसऱ्या कुणाला ते जनावर दिसलेलं त्यांना खपत नसे. एकदा मेंढरं घेऊन उतरलेल्या एका धनगरानं पारावर सांगितलं की काल संध्याकाळी मलाही ते दिसलं. लोक खूश झाले. आप्पांनी त्याला समोर बसवून घेतलं आणि मुन्सफासारखे प्रश्न सुरू केले. वारा कुठला होता, ते पाणी प्यालं तर जिभेनं की ओठांनी, बसताना पुढचे पाय आधी मोडले की मागचे. धनगर आधी ठाम होता, मग अडखळायला लागला, मग त्याला घाम फुटला. शेवटी त्यानं कबूल केलं की ते तरसच असेल. आप्पांनी त्याला उदार मनानं पानाचा विडा दिला. गावानं माना डोलावल्या: बघा, आप्पा खोटं खपवून घेत नाहीत.

एक गोष्ट मात्र माझ्या लवकर लक्षात आली होती. आम्ही लिंगायत. कुठलाही शब्द देताना आप्पांचा हात आपसूक गळ्यातल्या लिंगावर जायचा. बैलाचा सौदा असो, सोयरीक असो, उद्या पाऊस येणार हे सांगायचं असो, हात लिंगावर. जनावराची गोष्ट सांगताना मात्र दोन्ही हात सारखे हवेत. कान दाखवायला एक, पाय दाखवायला दुसरा. खाली म्हणून येत नसत. म्हणजे माणूस अगदीच बेभरवशाचा नव्हता. देवापुरती वाट त्यानं मोकळी ठेवली होती.

आमच्या भागात येळवस फार मोठी. मार्गशीर्षातल्या अवसेला सगळा गाव रानात जातो. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते. कडब्याची कोप उभी करायची, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडकं भरून आंबील. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्यालासुद्धा जेवल्याशिवाय सोडायचं नाही, मग तो सोयरा असो की वैरी. या सणात आप्पांनी आपली एक रीत घुसवली होती. खोऱ्यातल्याचा वाटा. एका मडक्यात आंबील, टोपल्यात भज्जी-उंडे, वर खीर, हे सगळं घेऊन ते एकटेच खोऱ्याच्या तोंडाशी जायचे. सोबत कुणी यायचं नाही. अनोळखी वासानं ते बुजतं. बऱ्याच वेळानं रिकामं मडकं घेऊन परतायचे आणि गंभीरपणे सांगायचे, “घेतलं.” मग पुढं कोपीत बसून आम्हा माणसांच्या पंगतीलाही जेवायचे, पण थोडंच. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला मी त्यांना पाणी द्यायला वाकले तर मिशीला खीर लागलेली. खोऱ्यातल्याला मिशा होत्या की नाही, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

अशी करमणूक होती. कुणाचं वाईट होत नव्हतं. मीही हसायची, पदराआड. पुढं निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या, तेव्हा मला वाटलं की हे जनावरही जाईल. ते गेलं नाही. आज तुम्ही पल्याडच्या गावात गेलात तर तिथली म्हातारी माणसं तुम्हाला त्याच्याबद्दल सांगतील, आणि शपथेवर सांगतील. ते आमचं जनावर तिकडं कसं गेलं, तेच तर सांगायचंय.

जहागिऱ्या अजून होत्या, तेव्हाची एक येळवस. जेवणं चालली होती आणि रस्त्यानं घोडे आले. जहागीरदार मुक्कामावर निघाले होते. इतर गावं त्यांचे घोडे दिसले की कोंबड्या झाकायची, दूधदुभतं लपवायची, तरणी पोरं वेठीला धरतील म्हणून रानात पिटाळायची. आमच्या गावानं काय करावं? येळवशीचा दिवस, वाटसरू उपाशी जाता कामा नये. पाटील स्वतः रस्त्यावर धावले आणि आडवे होऊन म्हणाले की सरकार, आंबील घेतल्याशिवाय पुढं पाय टाकायचा नाही. जहागीरदारांना अशी सवय नव्हती. ते उतरले.

माणूस तसा हसरा, वयानं पन्नाशीचा, गुडघे दुखत होते म्हणून मांडी घालता येईना. त्यांना घोंगडी घालून कोपीत बसवलं. त्यांनी आंबील प्याली, दुसऱ्यांदा मागितली. शिकारीचा विषय त्यांनीच काढला. सगळं मारून झालं म्हणाले, हरणं झाली, डुकरं झाली, बिबटे झाले. आता या डोंगरात मजा राहिली नाही.

मी भज्जी वाढत होते. आप्पांच्या दोन्ही हातांची चुळबुळ सुरू झालेली मला दिसली. सासूबाईंनीही बघितलं. त्या मोठ्यानं म्हणाल्या, भाऊजी, खीर घ्या. खीर ऐकायला भाऊजी शुद्धीवर होते कुठं? गावातल्या अडाण्यांना आणि मुक्या सुनेला सांगून सांगून त्यांचा जीव कंटाळला होता. समोर खुद्द जहागीरदार बसलेला, आणि ऐकायला तयार. त्या दिवशी खोऱ्यातल्याला पहिल्यांदा आयाळ फुटली. अंगावर सोनेरी लव आली. उडी मारली की ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर. जहागीरदारांनी विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंय? आप्पा म्हणाले, “डोळ्यांनी बघितलेलं सांगतो, सायेब. कानांनी ऐकलेलं सांगणारे दुसरे.”

निघताना जहागीरदारांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा पुढं कितीतरी दिवस ते जरा वर उचलूनच चालत होते.

संक्रांत झाली आणि हुकूम आला. खोरं जहागीरदारांच्या शिकारीसाठी राखलं जाणार. जनावर चारायचं नाही, कुऱ्हाड घालायची नाही, आत पाय टाकायचा नाही. त्यांचा मुन्शी येऊन हद्दीचे दगड रोवणार, आणि ज्यानं जनावर पाहिलं त्यानं त्याची जागा दाखवायची.

गावाचं हसू एका दिवसात मावळलं. खोरं गेलं तर गुरं जगवायची कशावर? सरपण आणायचं कुठून? ज्या बाप्यांनी वर्षानुवर्षं त्याचं नाव सांगून वेळ मारून नेली होती, तेच आता आप्पांच्या ओट्यावर येऊन बसले. मी भिंतीपलीकडं जात्यावर बसले होते, दळण थांबवून ऐकत होते. पाटलांनी मोठ्या अदबीनं सुरुवात केली.

“आप्पा, आमी कवा इचारलं न्हाय. आज बी इचारत न्हाय. निस्तं मुन्शीसमोर म्हना, तसलं काय न्हाय. म्हातारपनी डोळ्याला भास झाला म्हना.”

“माझ्या डोळ्याला?” आप्पा म्हणाले. “डोळे चांगले हायेत माझे.”

मग बराच वेळ कुणी कुणी काय काय समजावलं. आप्पा शेवटी म्हणाले की तुम्ही काळजी करू नका, खोरं जाणार नाही, माझ्यावर सोडा. लोकांनी त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला. मीही घेतला. मला वाटलं, माणूस फुशारकी मारणारा असला तरी गावावर आल्यावर मागं हटेल. एक नाही म्हणायला काय लागतं?

मुन्शी आला तेव्हा सगळा गाव पाराभोवती जमला. आम्ही बायका माळवदावर उभ्या. मुन्शी बाजेवर बसला, आप्पा समोर कोट घालून उभे. मुन्शीनं विचारलं, ते जनावर या खोऱ्यात आहे का?

“होतं,” आप्पा म्हणाले.

पाटलांनी डोळे मिटून घेतले.

“आता न्हाय. गेलं ते.”

कुठं गेलं, मुन्शीनं विचारलं. मी वरून आप्पांचे हात बघत होते. ते दोन्ही वर गेले आणि डोंगराच्या कडेपलीकडं वळले. “पल्याडच्या खोऱ्यात. तितं बारमाही पानी हाय. आमच्या खोऱ्यात काय ऱ्हायलंय आता त्याला?”

पल्याडच्या गावात कोण आहे ते सगळ्यांना माहीत होतं. आप्पांची गौराक्का तिथं दिलेली. तिच्या लग्नाचे लाडू अख्ख्या गावानं खाल्ले होते. तिच्या सासरी जमीन नावाला, सगळं घर दोन म्हशींवर आणि खव्यावर. खव्याला दूध लागतं आणि भट्टीला लाकूड, आणि दोन्हीला त्यांचं खोरं. एवढं सगळं त्या पारावरच्या प्रत्येकाला कळत होतं. मुन्शी उठला, घोड्यावर बसला आणि कडेच्या वाटेला लागला, तरी कुणी तोंड उघडलं नाही. मी समजत होते, तोंड उघडायची बंदी फक्त सुनांना आहे.

मग मात्र सगळ्यांना एकदम कंठ फुटला. आप्पांना पारावर बसवलं, हार घातला, गूळ वाटला. पाटील म्हणाले, डोकं असावं तर असं. त्या दुपारी ताट घेऊन गेले तेव्हा मी ते नेहमीपेक्षा जरा जोरानं ठेवलं. आप्पा माझ्याकडं न बघता आपणहूनच बोलायला लागले. गौराच्या सासऱ्याचं काय, त्यांचं थोडं रान आहे. आणि साहेब लोकांचं काय खरं, चार दिवस येतील, काही दिसणार नाही, कंटाळून जातील. मी पाणी ठेवलं आणि आले.

त्यांना मी आयुष्यभर वाईट माणूस म्हणाले नाही, आजही म्हणत नाही. लेकीवर त्यांचा जीव होता. पण खोटं बोललो हे चारचौघांत म्हणायचं, की लेकीचं खोरं द्यायचं, असं समोर आलं तेव्हा त्यांनी खोरं दिलं. मला त्याचा राग येतो. अजून येतो.

पल्याडच्या खोऱ्यावर पहारे बसले. मोळी आणताना सापडलेल्या बाईला दिवसभर उन्हात उभं केलं. गुरं आत गेली की कोंडवाड्यात. आणि साहेब कंटाळून गेले नाहीत. मचाणं बांधली गेली, हाका घालायला त्याच गावची माणसं वेठीला धरली गेली. ज्यांनी ते जनावर कधी स्वप्नातही पाहिलं नव्हतं ते दिवसभर डबे वाजवत त्याला हुसकत हिंडायला लागले.

पाडव्यानंतरच्या उन्हात गौराक्का आली. चैत्रात लेक माहेरी येते ती गाडीत बसून, हळदीकुंकवाला. ही पायी आली, दोन म्हशी हाकत. म्हशींच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तिनं त्या बापाच्या दारात बांधल्या, तोंड धुतलं आणि उंबऱ्यात बसली. माझ्याच वयाची बाई, पण त्या दिवशी माझ्या सासूची बहीण वाटत होती.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. संध्याकाळी पाटील आले. गौरा आमचीच लेक, म्हणाले. पण परगावची जनावरं आपल्या खोऱ्यात घातली तर उद्या त्यांचा सगळा गाव दारात येईल. तेव्हा तिला चार दिवस राहू दे, पण म्हशींचं बघा. ज्या खोऱ्यासाठी त्यांनी आप्पांना हार घातला होता, त्या खोऱ्यात आप्पांच्या लेकीच्या दोन म्हशींना जागा नव्हती. आप्पांनी बोट वर केलं. कुणी ऐकायला थांबलं नाही.

पाटील गेल्यावर गौराक्कानं बापाला विचारलं, “आप्पा, ते हाय का न्हाय?”

आप्पांचे दोन्ही हात वर उठायला लागले.

“मला नगा सांगू. म्या लहानपनापासून वळखते. जहागीरदाराला सांगा. एकदा न्हाय म्हना. माझ्यापायी म्हना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा निघाले. कोट घातला नाही. आमचे मालक नळदुर्गला चार बुकं उर्दू शिकलेले, म्हणून सोबत गेले. पुढचं मी त्यांच्याकडून ऐकलं, आणि ते आप्पांसारखे नाहीत. विचारल्याशिवाय बोलत नाहीत आणि विचारलं तरी निम्मंच सांगतात.

गढीवर आप्पांना ओळखलं, आत नेलं. जहागीरदार मजेत होते, बसा म्हणाले. आप्पा बसले नाहीत. त्यांनी हात गळ्यातल्या लिंगावर ठेवला. म्हणाले, “सायेब, ते न्हाय. कवाच नव्हतं. म्या तोंडानं केलेलं हाय. चूक झाली. त्या लोकान्ला त्यांचं खोरं द्या.”

बैठकीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. जहागीरदार हसले. म्हणाले, नाही कसं? मी पाहिलंय. परवाच गोळी घातली. आणि ते सांगायला लागले. मचाणावर कसे बसले होते, झुडूप कसं हललं, ते आलं ते कसं वाऱ्याच्या उलट बाजूनं, आयाळ कशी उन्हात चमकली. सांगताना त्यांचे दोन्ही हात हवेत होते. गोळी लागली, ते पडलं, उठलं आणि पाय ओढत गेलं. मुन्शी म्हणाला, मीही पाहिलं. हाका घालणाऱ्यांचा नाईक म्हणाला, रक्त मी पाहिलं. हैदराबादेहून मोठी पाहुणे मंडळी त्याच्यासाठी येणार होती, तिकडं सांगून झालं होतं. जहागीरदारांनी आप्पांना अगदी गोडीनं विचारलं, “आता तुम्ही म्हणता ते नाहीच. मग मी गोळी कशावर झाडली?”

आमचे मालक सांगतात, मला वाटलं आता आप्पा विचारतील. वारा कुठला होता, पाणी जिभेनं प्यालं की ओठांनी. एका धनगराला त्यांनी दुपारभर घाम फोडला होता. इथं त्यांनी एकच विचारलं, “कुठल्या पायाला लागली, सायेब?”

मागच्या डाव्या, जहागीरदार म्हणाले.

नाही म्हटल्याबद्दल कुणी त्यांना मारलं नाही, कोंडलं नाही. उलट या जनावराचा पहिला जाणकार म्हणून त्यांना लाल पट्टा दिला. पाहुणे आले की वाट दाखवायला यायचं. आप्पांनी तो घेतला. न घेऊन करणार काय, असं आमचे मालक म्हणतात. मी तसं म्हणत नाही. परतताना त्यांनी पल्याडच्या खोऱ्याची जवळची वाट सोडली आणि लांबचा फेरा घेतला. अर्ध्या वाटेवर ते थांबले आणि बोट वर केलं. आमचे मालक म्हणतात, मला आधी थट्टा वाटली. पण तिथं आम्ही दोघंच, वाद कशाचाच नाही, जिंकायचं कुणाला? आणि ते खरंच ऐकत होते.

उन्हं उतरायच्या आत दोघं घरी आले. गौराक्का दारातच होती, म्हशींना आमच्याकडचा उरलासुरला कडबा मोडून घालत. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले. तिनं बापाच्या कमरेचा पट्टा बघितला आणि विचारलं,

“म्हनलात?”

“म्हनलो. तुज्या गळ्याची आन, म्हनलो.”

“मग?”

आप्पांनी तांब्या घेतला, सगळं पाणी पिऊन टाकलं आणि ओट्यावर बसले. म्हणाले, “सायेबानं गोळी घातलीय त्याला, गौरे. मागल्या डाव्या पायाला. लंगडत असंल.”

गौराक्कानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. त्या म्हशी आता जळकोटच्या बाजारात जाणार हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. तिनं हातातला कडबा खाली ठेवला, दोन्ही दावी सोडली, पदर कमरेला खोचला आणि म्हशी पुढं घालून डोंगराच्या वाटेला लागली. मी वळणापर्यंत तिच्याबरोबर गेले. मागून आप्पा ओट्यावरून उठून हाका मारत होते.

“जपून जा गं, गौरे. जखमी जनावर लई वाईट असतंय.”